मोलिएरच्या मागावर: पॅरिस, पेझना आणि परत पॅरिस

गुरुवार, पॅरिस

भाचीकडे पॅरिसला जायचं ठरलं तेव्हाच मी सांगून टाकलं होतं की आयफेल टॉवर लांबून दिसला तरी चालेल, मला फ्रेंच नाटककार मोलिएर बघायचाय. भाची म्हणाली, मावशी तो साडेतीनशे वर्षांपूर्वी गेला. म्हटलं गेला असेल, पण आम्ही सांगलीची माणसं, आमच्याकडे नाटकवाला गेला म्हणून त्याचा पिच्छा सोडत नाहीत. नवरा बँकेतून रिटायर झालेला, त्याला नाटकातलं फक्त तिकिटाचं कळतं असं तो स्वतःच सांगतो, तो मुकाट्याने बरोबर.

तर सुरुवात सेंत-उस्ताश चर्चपासून. ले हालच्या गर्दीतनं बाहेर पडलं की समोर हे धूड उभं. इथे १५ जानेवारी १६२२ ला ज्याँ-बातिस्त पोकलँ नावाच्या बाळाचा, म्हणजे पुढच्या मोलिएरचा, बाप्तिस्मा झाला. जन्म नक्की कुठल्या दिवशी झाला त्याची नोंदच नाही, म्हणून सगळे बाप्तिस्म्याचीच तारीख धरतात. बाप गाद्या, पडदे, खुर्च्यांची कव्हरं करणारा, पण साधासुधा नाही हं, राजवाड्यातल्या या खात्याचं पद त्याच्याकडे होतं, आणि ते पद पोराकडे जाणार होतं. म्हणजे आयुष्यभराची सोय. पोरगं जेझुइटांच्या भारी शाळेत शिकलं, मग वकिली, आणि एकविसाव्या वर्षी म्हणालं मला नाटक कंपनी काढायचीय. घराघरातली गोष्ट आहे ही.

जन्माचं घर आता नाही. सेंत-ऑनोरे रस्त्यावर ९६ नंबरच्या इमारतीवर पाटी आहे, खाली दुकान, वर माणसं राहतात. गंमत म्हणजे जवळच पाँ-नफ रस्त्यावर ३१ नंबरला अजून एक पाटी आहे, तीसुद्धा मोलिएरचा अर्धपुतळा वगैरे लावून, आणि ती म्हणते तो इथे जन्मला, १६२० साली. घरही चूक, सालही चूक, पण कुणी काढलेली नाही. नवऱ्याने दोन्हींचे फोटो काढले आणि म्हणाला, सातबारा बघायला पाहिजे.

संध्याकाळी लूव्ह्रच्या पूर्वेकडच्या बाजूला गेलो, जिथे ते लांबलचक खांब आहेत तिथे. टुरिस्ट सगळे काचेच्या पिरॅमिडकडे, इकडे शांत. याच जागेत तेव्हा पेती-बूर्बाँ नावाचं नाट्यगृह होतं आणि तिथे २८ मे १६६० ला मोलिएरने 'स्गानारेल' हे नाटक लावलं. आता नीट ऐका. एक मुलगी रस्त्यात चक्कर येऊन पडते, तिच्या हातातली प्रियकराची तसबीर खाली पडते, एक संशयी नवरा तिला सावरायला धावतो, ते त्याची बायको वरनं बघते, ती खाली येऊन तसबीर उचलते, आणि मग नवरा तिच्या हातात परपुरुषाची तसबीर बघतो. आलं ना लक्षात? फाल्गुनराव, कृत्तिका, रेवती, अश्विनशेट. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी हे आर्थर मर्फी नावाच्या इंग्रजी नाटककाराकडनं घेतलं, मर्फीने मोलिएरकडनं. देवलांनी आधी 'तसबिरीचा घोटाळा' म्हणून गद्यात केलं, नंतर पदं घालून 'संशयकल्लोळ'. मी कॉलेजात असताना कृत्तिका केलीय, ती तसबीर उचलताना प्रेक्षकांतनं जो हशा यायचा ना तो अजून कानात आहे, आणि तो हशा या दगडी खांबांच्या जागी पहिल्यांदा आला होता! मी तिथे उभी राहून तो प्रसंग जरा करून दाखवला. भाची दुसरीकडे बघत होती.

मोलिएर हयात असेपर्यंत त्याच्या कंपनीने सगळ्यात जास्त वेळा केलेलं त्याचं नाटक हेच. त्याची नावाजलेली 'तार्त्युफ' नाही, 'मिझान्थ्रोप' नाही. तसबिरीचा घोटाळा.

समोरच्याच सेंत-जेर्मां-लोक्सेरवा चर्चमध्ये १६६२ च्या फेब्रुवारीत त्याने आर्मांद बेजारशी लग्न केलं. तो चाळीस, ती विशीच्या आसपास, आणि ती त्याच्या जुन्या जोडीदारीण मादलेनची बहीण की मुलगी यावर लोक तेव्हाही भांडत होते आणि आजही भांडतात. विरोधकांनी तर त्यापुढचं पण बोलून घेतलं. राजा चौदाव्या लुईने काय केलं, तर त्यांच्या पहिल्या मुलाचा धर्मपिता व्हायचं मान्य केलं. तोंडं बंद.

शुक्रवार, ट्रेनमध्ये

पॅरिसहून बेझिएपर्यंत वेगवान ट्रेन, पुढे बस, कारण दक्षिणेतल्या पेझना गावाला, जिथे मोलिएरची कंपनी दौऱ्यावर असायची, पॅसेंजर ट्रेनच जात नाही. बाहेर शेतं, मग डोंगर, मग द्राक्षमळे. डब्यात नवऱ्याला मी दिवाळखोरीची गोष्ट सांगत होते आणि पहिल्यांदाच त्याला मोलिएरमध्ये इंटरेस्ट वाटायला लागला.

१६४३ च्या जूनमध्ये करार करून कंपनी काढली, नाव 'इल्यूस्त्र थिएत्र'. मादलेन बेजार त्यात मुख्य, तिचं नाव आधीच झालेलं, शिवाय तिची भावंडं. टेनिससारखा एक खेळ तेव्हा चालायचा, त्याची बंदिस्त कोर्टं पॅरिसमध्ये पडून असायची, तसलं एक भाड्याने घेतलं, सुतारकाम केलं, रस्त्याची फरसबंदी केली म्हणजे बग्ग्या दारापर्यंत येतील. बग्ग्या आल्या नाहीत. सगळं कर्जावर. याच सुमारास पठ्ठ्याने मोलिएर हे नाव घेतलं, का घेतलं ते कधीच कुणाला सांगितलं नाही. १६४५ मध्ये सावकारांनी आत टाकलं. त्यातलं एक देणं मेणबत्तीवाल्याचं, १४२ लीव्रचं (लीव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन). नाटकाच्या लायटिंगचं बिल थकलं म्हणून शातलेच्या तुरुंगात! नवरा म्हणाला, तारण काय होतं? बापाने शेवटी पैसे भरले बहुतेक, आणि हा सुटल्यावर गाव सोडून निघाला तो तेरा वर्षं परत नाही.

तेरा वर्षं दौरा. एका गावात कर मंजूर करणारी प्रांताची सभा भरली की तिथे, दुसऱ्या गावात जत्रा असली की तिथे. सामान गाड्यांवर, बिऱ्हाड बरोबर, रात्री नवीन गावच्या अधिकाऱ्याकडे परवानगी मागायची. आपल्या जुन्या संगीत कंपन्यांचे दौरे ज्यांनी वाचलेत त्यांना काही वेगळं सांगायला नको. लोक मोलिएरला मोठा लेखक म्हणतात, तो आहेच, पण माझं मत सांगू का, तो आधी कंपनीचा मालक आहे आणि मग लेखक. घरात खायला इतकी तोंडं आहेत, हातात इतके नट आहेत, त्यातला हा लंगडतो, ती चांगली नाचते, पुढच्या महिन्यात राजाकडे खेळ आहे, चला लिहा. या दौऱ्यात त्याने लिहायला सुरुवात केली. 'देपी आमुरो' हे नाटक तर आम्ही उतरलो त्याच बेझिएत १६५६ मध्ये पहिल्यांदा लागलं.

शनिवार, पेझना

सुंदर गाव. पिवळसर दगडाची घरं, मोठ्या दरवाज्याआड अंगण आणि अंगणात गोल जिने. हे तेव्हा लांगदोक प्रांतातलं वजनदार गाव होतं, प्रांताची सभा इथे भरायची, आणि राजाचा नातेवाईक प्रिन्स द कोंती इथे दरबार मांडून बसलेला. त्याने मोलिएरच्या कंपनीला आपलं नाव दिलं १६५३ मध्ये. नाव मिळालं म्हणजे निम्मं काम झालं, गावोगावचे अधिकारी मग आडवे येत नाहीत. कुठल्याशा हवेलीच्या अंगणात खेळ झाला असं सांगतात ती हवेली, ओतेल दाल्फोंस, आम्ही बघितली, पण आत एका कुटुंबाचं काहीतरी चाललेलं त्यामुळे दारातनंच.

पुढे या कोंतीला देवधर्माचा झटका आला. नाटक म्हणजे पाप हे त्याला अचानक कळलं, नाव काढून घेतलं, आणि वर नाटकाच्या विरोधात अख्खा ग्रंथ लिहिला! ढोंगी धार्मिक माणूस रंगवायला मोलिएरला मॉडेल शोधायला कुठे लांब जावं लागलं नसणार.

आज आठवड्याचा बाजार. चीज, ऑलिव्ह, साबण, स्वस्त कपडे. चौकात जेली नावाच्या न्हाव्याचं घर दाखवतात, मोलिएर बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानातल्या खुर्चीवर कोपऱ्यात बसून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायचा अशी कथा आहे. खरी असेल नसेल, पण त्याचा कान पक्का होता याचा पुरावा नाटकात आहे. 'मस्यो द पुर्सोन्याक' या १६६९ च्या नाटकात लुसेत नावाची बाई पॅरिसात येऊन तावातावाने सांगते की ह्या माणसाने माझ्याशी पेझनात लग्न केलं आणि मला टाकून दिलं, आणि ती हे सगळं इथल्या बोलीत बोलते, पॅरिसच्या फ्रेंचमध्ये नाही. इथून निघून कितीतरी वर्षं झाल्यावर लिहिलेलं. गावानेही लक्षात ठेवलंय, बागेत १८९७ चं मोलिएरचं स्मारक आहे त्यात ही लुसेत संगमरवरात उभी आहे.

आता खाण्याचं. इथले 'पेती पाते' प्रसिद्ध आहेत. दोऱ्याच्या रिळाच्या आकाराचे, बोटभर उंच, बाहेर कडक कवच, आत मटणाचा खिमा आणि त्यात चक्क ब्राऊन शुगर आणि लिंबाची साल. गरमच खायचे. पहिला घास गोड लागतो आणि तुम्ही गोंधळता, मग मटणाची चव मागून येते, मग लिंबू. आणि हे आलं कुठून, तर प्लासीवाला रॉबर्ट क्लाइव्ह १७६८ मध्ये तब्येतीसाठी इथे येऊन राहिला होता आणि त्याच्या भारतीय खानसाम्याने हे केलं, इथल्या बेकरीवाल्यांनी उचललं, असं गाव सांगतं. मोलिएर बघायला दक्षिण फ्रान्सच्या खेड्यात यावं आणि तिथे क्लाइव्ह निघावा! त्या खानसाम्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही, क्लाइव्हचं मात्र सगळ्यांना पाठ. नवऱ्याने चार खाल्ले, राग गिळून.

रात्री उशिराच्या ट्रेनने परत.

रविवार, व्हो-ल-व्हिकोंत

जावयाला सुट्टी होती, तो म्हणाला मावशी आज मी गाडीने नेतो. पॅरिसपासून तासाभराच्या आत. हा महाल निकोला फुके या अर्थमंत्र्याचा. इमारत ल व्होने केली, आतलं सगळं ल ब्रँने, बाग ल नोत्रने. मागच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की बाग एका नजरेत पूर्ण दिसते असं वाटतं, चालायला लागलं की मध्येच एक अख्खा आडवा कालवा लागतो जो वरून दिसतच नव्हता. मुद्दाम केलेली दृष्टीची फसवाफसवी.

मध्ये पॅरिसमध्ये काय झालं ते सांगायचं राहिलं. १६५८ च्या २४ ऑक्टोबरला कंपनी परत आली आणि लूव्ह्रमध्ये वीस वर्षांच्या लुई चौदाव्यापुढे उभी राहिली. आधी कोर्नेय या नाटककाराची गंभीर शोकांतिका केली, ती पडली. मग मोलिएर पुढे आला, हात जोडून म्हणाला की आम्ही गावोगाव करतो तसलं एक छोटं प्रहसन महाराजांनी बघावं. राजा हसला. त्या हसण्यावर पुढची पंधरा वर्षं उभी आहेत.

तर फुकेने १७ ऑगस्ट १६६१ ला राजाला इथे बोलावून पार्टी दिली. नवं नाटक हवं होतं, मोलिएरने 'ले फाशो' पंधरा दिवसांत लिहून, बसवून, बागेत उभं केलं. बरोबर नाचही ठेवायचे होते पण चांगले नर्तक मोजकेच, त्यांना कपडे बदलायला वेळ पाहिजे, म्हणून नाच एकत्र न ठेवता अंकांच्या मध्ये मध्ये टाकले, आणि मध्येच आले म्हणून कथेला जोडून घेतले. हे मोलिएरने स्वतः प्रस्तावनेत लिहिलंय. यातनं नाटक आणि बॅले एकत्र असलेला नवाच प्रकार निघाला जो पुढे दरबारात दहा वर्षं गाजला. कपडेपटाच्या अडचणीतनं नाट्यप्रकार! बॅकस्टेज केलेल्या कुणालाही हे वाचून बरं वाटेल.

फुकेचं काय झालं? ५ सप्टेंबरला राजाने त्याला नाँतमध्ये अटक करवली, पकडायला गेला तो दार्तान्यां, हो, 'थ्री मस्केटिअर्स' मधला तोच, खरा माणूस होता तो. फुके उरलेलं आयुष्य कैदेत. पार्टी जास्त झगमगीत झाली म्हणून असं लोक म्हणतात, पण त्याला उचलायचं आधीच शिजत होतं. ल व्हो, ल ब्रँ, ल नोत्र तिघांना राजाने व्हर्सायला लावलं. मोलिएरलाही. जावई म्हणाला, टीम उचलली पूर्ण.

सोमवार

पाऊस. कपडे धुतले, भाचीला पोहे करून घातले.

मंगळवार, व्हर्साय

गर्दी, रांगा, सोनं. आरसेमहालात धक्के खात पुढे सरकलो, त्याबद्दल हजारोंनी लिहिलंय, मी काही लिहीत नाही. मला जे बघायचं होतं ते दिसण्यासारखं नाहीच, कारण १२ मे १६६४ ला 'तार्त्युफ' इथे पहिल्यांदा झालं तेव्हा हा एवढा महाल नव्हता, शिकारीचा छोटा वाडा आणि बागा. अनेक दिवसांचा उत्सव, त्यात एक संध्याकाळ हे नाटक. देवाचं नाव घेत एका भल्या घरात शिरलेला भोंदू, घरमालकाला पूर्ण खिशात घालतो, मालकीणीवर डोळा ठेवतो, घर नावावर करून घेतो. राजाला आवडलं, पण धर्मवाल्यांनी रान उठवलं आणि जाहीर खेळांना बंदी आली. १६६७ मध्ये नाव बदलून, पात्राचे कपडे बदलून परत लावलं, दुसऱ्या दिवशी बंद. शेवटी ५ फेब्रुवारी १६६९ ला परवानगी मिळाली, त्या दिवशीचा गल्ला २८६० लीव्र. पाच वर्षं अडवल्याने जाहिरात फुकट झाली.

हा आकडा कळतो तो ला ग्रांजमुळे. हा कंपनीतला नट, तरुण नायकाची कामं करायचा, आणि रोजची वही ठेवायचा: कुठलं नाटक, किती जमले, प्रत्येकाच्या वाट्याला किती. कारण पगार नव्हता, हिस्से होते. नवरा परतीच्या ट्रेनमध्ये या वहीबद्दल विचारत राहिला. लुई बेजार नावाचा नट १६७० मध्ये निवृत्त झाला तेव्हा कंपनीने त्याला वर्षाला १००० लीव्र पेन्शन लावली, हे सांगितल्यावर तर त्याने मोलिएरला एकदम मान दिला. हा बेजार लंगडायचा. म्हणून 'लाव्हार' या नाटकात कंजूष आर्पागाँ बेजारने केलेल्या नोकराला लंगड्या म्हणून शिव्या घालतो. आणि आर्पागाँ खोकतो कारण ते काम करणारा मोलिएर स्वतः खोकत होता. हेच नाटक अत्र्यांनी 'कवडीचुंबक' म्हणून आणलं, आपल्याकडे दोन पिढ्या त्यावर हसल्या.

बुधवार, पॅरिस

सकाळी पेर लाशेझ दफनभूमी. पंचविसाव्या विभागात मोलिएर आणि कवी ला फोंतेन शेजारी शेजारी, लोखंडी कुंपणात, खांबांवर उचललेल्या दगडी पेट्या. पण आत कोण आहे? १६७३ मध्ये त्याला सेंत-जोझेफच्या दफनभूमीत पुरलं, क्रांतीच्या वेळी १७९२ मध्ये अंदाजाने हाडं उकरली, इकडे तिकडे ठेवली आणि १८१७ मध्ये इथे आणली. नव्या दफनभूमीला गिऱ्हाईक मिळत नव्हतं, मोठी नावं आणून ठेवली की लोक येतील असा हिशोब. चालला पण तो हिशोब.

संध्याकाळी कोमेदी फ्रान्सेझ या नाटक कंपनीच्या थिएटरला. आधी रिशलिअ रस्त्यावर ४० नंबर बघितलं, तो गेला ती जागा, आणि जवळचं १८४४ चं कारंजं. थिएटरच्या वरच्या गॅलरीत एका काचेच्या पेटीत त्याची आरामखुर्ची ठेवलीय. चामडं काळं पडलेलं, फाटलेलं, हाताची जागा घासलेली. १८७९ पर्यंत नट खरोखर हीच खुर्ची स्टेजवर वापरत होते! कुणीतरी वेळेत थांबवलं ते बरं.

नाटक होतं 'ल मालाद इमाजिनेर', काही झालेलं नसताना स्वतःला आजारी समजणारा आर्गाँ. आमच्या जागा एकदम वर, एक खांब अर्धा आडवा, भाची कानात मराठी करून सांगत होती आणि पुढचे आजोबा दोनदा मागे वळून बघून गेले. शेवटी आर्गाँलाच डॉक्टर करायचा समारंभ होतो, काळे झगे, उंच टोप्या, मोडकंतोडकं लॅटिन: कुठल्याही रोगाला एनिमा द्या, मग रक्त काढा, मग जुलाब द्या. आर्गाँने शपथ घेताना म्हणायचं 'यूरो', म्हणजे लॅटिनमध्ये 'शपथ घेतो'. १७ फेब्रुवारी १६७३ ला, चौथ्या खेळात, हे म्हणताना मोलिएरला झटका आला आणि त्याने तो हसण्यावारी नेला. त्या दिवशी बायको आणि तरुण नट बारों सांगत होते आज खेळ नको. एका जुन्या चरित्रात त्याचं उत्तर असं दिलंय की पन्नास गरीब कामगार रोजावर जगतात, त्यांनी काय करायचं. खेळ पूर्ण केला, खुर्चीत बसवून घरी नेला, काही तासांत रक्ताची उलटी होऊन गेला. सेंत-उस्ताशच्या दोन पाद्र्यांनी यायला नकार दिला, तिसरा पोचेपर्यंत उशीर. नटाने धंदा सोडल्याची शपथ घेतली नाही तर रीतसर दफन नाही असा नियम. आर्मांद राजाकडे गेली, मग परवानगी मिळाली, पण रात्री, गाजावाजा न करता. २१ तारखेला.

मध्यंतर नव्हतं, बाहेर पडलो तेव्हा सगळ्यांना भूक. समोरच्या कॅफेत बसून नवऱ्याने विचारलं, मग कंपनी बुडाली का? म्हटलं २४ तारखेला परत पडदा उघडला, 'मिझान्थ्रोप' लावलं, मोलिएरचं काम बारोंने केलं. आठवडाभराने 'मालाद' पण परत सुरू, आर्गाँ दुसरा. त्यानंतर संगीतवाल्या ल्युलीने राजाकडनं त्यांचं थिएटर काढून घेतलं तर यांनी नदीपलीकडे दुसरं बघितलं, आणि १६८० मध्ये राजाने प्रतिस्पर्धी कंपनीशी त्यांना जोडून टाकलं, तीच ही आज आपण बघितली ती.

नवरा म्हणाला, तिसऱ्या दिवशी? आणि ला ग्रांजने वहीत त्या दिवशीचं पण लिहिलं?

लिहिलं ना. गल्ला, आणि प्रत्येकाचा हिस्सा.